हलक्या वाऱ्याची गाठ

ओशन पार्क, वॉशिंग्टन
७ मार्च १९९९

इर्या,

नाताळचं कार्ड पोचलं. "मी बरी आहे. तूही बरी असशील." सात वर्षं झाली, वाक्यं हीच, वरचं चित्र तेवढं बदलतं. यंदा बर्फातलं लाल कोठार होतं. दर वेळी मीही एक कार्ड उचलते, दोन ओळी खरडते आणि मोकळी होते. यंदा घरात कार्ड नव्हतं. वही घेतली, तर कागद एवढा मोठा की दोन ओळींखाली सही करायला लाज वाटली. म्हणून उशीर झाला. नाही, खरं सांगायचं तर हा कागद जानेवारीपासून टेबलावर पडून आहे.

इकडे सगळं ठीक. आपल्या खाचरांतल्या क्रॅनबेरीच्या वेलांची हिवाळ्यातली लाली उतरून आता हिरवं डोकावायला लागलंय. वाळूतल्या लांबट तिसऱ्या शिंपल्या काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी अख्खं गाव फावडी घेऊन वाळूत उतरलं होतं. मी पंधरा आणल्या आणि त्यातल्या सात पोस्टातल्या बर्नीसला देऊन टाकल्या. एका माणसाला पंधरा लागत नाहीत, हे मला अजून अंगवळणी पडलेलं नाही.

मागच्या शेडमध्ये उंदीर झालेत. म्हणून पतंगांच्या पिशव्या बाहेर काढल्या. तुझा निळा धड आहे. त्याची मोडलेली कामटी मी तू गेलीस त्याच हिवाळ्यात बदलली होती, ते तुला कळवलं नव्हतं. डाव्या पंखाच्या कापडाला टाके घातलेत. मलासुद्धा ते शोधावे लागतात, इतके बारीक आहेत.

वारा बरा असला की मी दोन्ही पतंग गाडीत टाकून किनाऱ्यावर नेते. दोन्हींच्या कामट्या जोडते, दोन्हींच्या दोऱ्या वाळूवर सोडते, आणि उडवते एकच. तुझा पाठीवर पडलेला असतो. परवा लॉइड टिफ्ट म्हणाला, "आउने, त्या बिचाऱ्याला रोज कशाला फिरायला आणतेस?" मी म्हटलं, "तू तुझे गुडघे आणतोस ना, तसंच." लॉइड विसरली नसशील. आपल्या स्पर्धांचा मैदानप्रमुख, गळ्यात शिट्टी आणि वारा मोजायचं यंत्र अडकवून फिरणारा. म्हातारा झालाय, आवाज तेवढा शाबूत आहे.

जोडीचा खेळ एकटीने होत नाही. मी पुढे जाते, "वळ!" म्हणून ओरडते, आणि मग माझ्या लक्षात येतं.

त्या ऑगस्टमध्ये मी सगळ्यांदेखत जे बोलले, ते बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. एवढंच लिहायचं होतं.

तुझी आई


ओशन पार्क
२५ एप्रिल १९९९

इर्या,

तुझं पोस्टकार्ड आलं. "पत्र मिळालं. इथे गहू चांगला आहे. पतंग विकायचा असेल तर विक." तीन वाक्यं. नेहमीपेक्षा एक जास्त, हे मी मोजलं.

विकणार नाही.

बर्नीसने ते माझ्या हातात ठेवायच्या आधी वाचलं होतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्याला ती तरी काय करणार म्हणा. मग तिने मला अर्धा तास उभं करून ठेवलं.

"एक विचारू? तू ते वाळूत गुडघ्यांवर बसून सारखी काय सोडत-बांधत असतेस? पतंगाला वारा लागला की तो उडतो. त्यात एवढी काय शिवणकला?"

"ती कन्नी आहे."

"म्हणजे काय?"

मग मी तिच्याच काउंटरवरची पाकिटं फोडायची पट्टी घेतली आणि त्यावर सुतळी बांधून दाखवली. पतंगाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना आखूड दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांना कन्नी म्हणायचं. आपल्या दोन हातांतल्या दोन लांब दोऱ्या त्या कन्नीला जोडायच्या. कन्नीच्या वरच्या फाट्यावर तीन गाठी, बोटभर अंतरावर. हलका वारा असेल तर वरच्या गाठीला जोडायचं. पतंगाची चोच आपल्याकडे झुकते, तो थोड्याशा वाऱ्यातही सरसर पुढे निघतो. वारा जोराचा असेल तर खालच्या गाठीला. चोच मागे रेलते, पतंग दमाने चालतो, हाताला ओढ देतो आणि सांगाल तिथे वळतो. मधली गाठ रोजच्या वाऱ्यासाठी.

"आणि जोराच्या वाऱ्यात वरच्या गाठीला राहिला तर?"

"तर सुसाट सुटतो. वळ म्हटलं तरी वळत नाही, लांबूनच फिरून येतो. तेवढ्यात जमीन येते."

"बोटभर अंतराने एवढं होतं?"

"हो."

"बाई गं," म्हणाली आणि पट्टी परत मागून घेतली.

तू मला बर्नीससारखं कधी विचारलं नाहीस. विचारायची गरज तरी कुठे होती? दोन्ही पतंगांची कन्नी मीच बांधायची, तू यायचीस, दोऱ्यांचे हातपट्टे चढवायचीस आणि उडवायचीस. तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पोरी आयांच्या हातात गाडीची किल्लीसुद्धा देत नाहीत, आणि तू तर अख्खा पतंग माझ्या भरवशावर उडवायचीस. मला त्याचा तोरा होता.

त्या ऑगस्टमध्ये वारा फार झटकन वाढला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. आपल्या किनाऱ्यावर असं होतं. सॅन डिएगोचा तो ऑलिफंट पतंग उडवणाऱ्या आपल्या फिरत्या चमूसाठी सहावा गडी शोधत आला होता आणि मनात तुलाच धरून आला होता. हे लिहायला आता मला जड जात नाही. तेव्हा जायचं.

तुझ्या गावात झाडं आहेत का? कार्डावर कधीच दिसत नाहीत.

आई


ओशन पार्क
१३ जून १९९९

इर्या,

आज रविवार. लॉइड सकाळीच आला. मी वेलचीचा पाव भाजला होता, त्याला वासानेच कळत असावं. दोन कप कॉफी झाली तरी माणूस गप्प. लॉइड गप्प म्हणजे काहीतरी बिघडलंय. मी विचारलं, "गुडघा?"

"नाही."

"मग?"

"बर्नीस सांगत होती, तू पोरीला पत्रं लिहितेस. जाडजूड असतात म्हणे."

"बर्नीसला दुसरं काम नाही."

"त्यात खरं ते लिहिलंस का?"

मी पाव कापत होते. कापत राहिले. तो म्हणाला, "आउने, मी त्या दिवशी मैदानाच्या कडेलाच उभा होतो. ताशी सतरा मैलांचा वारा मीच पुकारला. तू गुडघ्यांवर बसलीस, आपल्या पतंगाची गाठ खाली घेतलीस, दोन्ही बाजूंची. मग उठलीस आणि पोरीच्या पतंगाला वळसा घालून निघून गेलीस."

"आणि तू सात वर्षं तोंड शिवून बसलास?"

"बोललो असतो तर तू मला या टेबलाशी पुन्हा बसू दिलं नसतंस."

"मग आज कसं बोललास?"

"आज वाटलं, नाही बसू दिलंस तरी चालेल."

मी त्याला घालवून दिलं. पाव मात्र त्याच्या हातात होता तो घेऊन गेला.

आता संध्याकाळ झाली आहे आणि मी लिहितेय. मागच्या पत्रात लिहिलं, वारा वाढला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते खोटं होतं. माझ्या आलं होतं.

सकाळी नऊला वारा सहा मैलांचा होता. दोन्ही पतंग मी वरच्या गाठीला लावून ठेवले. साडेअकराला आपली पाळी. सव्वाअकराला वायव्येकडून जोराचा वारा आला, गवताच्या टेकाडांवरून वाळू उडायला लागली. तू तेव्हा कडेला ऑलिफंटशी बोलत उभी होतीस. तो हातवारे करून काही सांगत होता, आणि तू हसत होतीस. मान मागे टाकून. घरात तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आपण दोघी घरात हसायचोच, पण ते वेगळं.

मी माझी गाठ खाली घेतली. मग तुझ्या पतंगाकडे वळले. दोन पावलांवर होता. मला वाकायचं होतं, बस. मी वाकले नाही.

"माझ्या मनात काही नव्हतं" असं लिहिणार होते. कागद बाजूला ठेवून घर झाडून काढलं आणि पुन्हा बसले. मनात होतं. मनात असं होतं की हिचं एक वळण चुकेल, ऑलिफंट म्हणेल, "हात चांगला आहे, पण अजून एक वर्ष शिकू दे," आणि तू आणखी एक वर्ष घरी राहशील. एवढाच हिशेब. पतंग आपटून कामटी मोडेल, तू वाळूत तशी खिळून उभी राहशील, हे मी धरलं नव्हतं.

पुढे जे झालं ते तुला पाठ असेल. मी पुढे होते, तू मागे. मी "वळ" म्हणाले, माझा वळला. तुझा सुटला. तू डावी दोरी ओढलीस, मी पाहिलं, अगदी वेळेवर ओढलीस. तरी तो लांब फिरला आणि प्रेक्षकांसमोर नाकावर आपटला.

आणि मग ऑलिफंट आला, आणि मी तुझ्यासमोर त्याला म्हणाले, "हिच्या हातांत ते नाहीच. मी पहिल्यापासून जाणून होते." हे तोंडातून निघून गेलं नव्हतं, इर्या. पहिल्या पत्रात मी तसं लिहिलं, तेही खोटं. तो "पुन्हा उडवून बघू" म्हणायच्या बेतात होता. मला ते दिसलं, म्हणून मी घाईने बोलले.

तीन आठवड्यांनी तू बसमध्ये बसलीस. मला वाटलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला येशील.

हे पत्र मी उद्या सकाळी स्वतः टाकणार आहे. बर्नीसला पाकीट वजन करायलाही देणार नाही.

आई


नेब्रास्का
२ जुलै

आई,

पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा कामावर, धान्याच्या कोठारात वजनकाट्याशी बसून वाचत होते तर एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, माझा ट्रक कधीचा काट्यावर उभाय, उतरू का?" काय वजन लिहिलं ते मला आठवत नाही.

त्या दिवसानंतर मी कितीतरी दिवस अंथरुणात पडल्या पडल्या दोन्ही हात वर धरून ते वळण करून बघायचे. कुठे चुकलं ते शोधायला. शेवटी ठरवलं की डावा हात उशिरा ओढला. एकदा ठरल्यावर ते सगळीकडे दिसायला लागलं. गाडी शिकताना. नोकरीच्या मुलाखतीत. एका चांगल्या माणसाने लग्नाचं विचारलं तेव्हा उत्तर द्यायला मला इतका वेळ लागला की त्याने विचारणं मागे घेतलं. मी म्हटलं, असंच आहे, मला उशीर होतो. वेळेवर हात चालत नाही माझा. हे तू दिलंस मला, आणि मी ते सात वर्षं सांभाळलं.

आता तू म्हणतेस की हात वेळेवर होता.

मी कशावरून खरं मानू? तू दोनदा खोटं लिहिल्याचं स्वतःच कबूल केलंयस. हे तिसरंही असू शकतं. म्हातारपणी मुलीला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं.

मी सांगेपर्यंत पत्र पाठवू नकोस.

इर्या


ओशन पार्क
२२ ऑगस्ट १९९९
(हे टाकणार नाही.)

इर्या,

तू नको म्हणालीस म्हणून पाठवत नाही. लिहायला नको म्हणाली नव्हतीस.

आज पतंगांची जत्रा संपली. आठवडाभर मैलभर किनारा रंगीत होता. मी उडवायला उतरले नाही. लॉइडशेजारी घडीच्या खुर्चीत बसून राहिले. होय, त्याला मी परत घरी येऊ दिलं. दोन आठवडे रागावून बघितलं, पण पाव उरायला लागला.

एक बाप आणि त्याची मुलगी जोडीने उतरली होती, कुठून दक्षिणेकडून आलेली. पोरगी सोळा-सतराची. बाप तिच्या पतंगाची कन्नी बांधायला वाकला तर ती म्हणाली, "बाबा, हात काढ. माझी मी बांधते." तो चटकन बाजूला झाला. एवढं सोपं होतं ते! मी खुर्चीत बसून त्या माणसाकडे बघतच राहिले. लॉइडने रुमाल पुढे केला. मी म्हटलं, "डोळ्यात वाळू गेलीय." तो म्हणाला, "हो, माझ्याही."

तुझं म्हणणं मला पटतं. माझ्या शब्दाला आता वजन कुठून येणार? मी शपथ घेऊ म्हटलं तर तीही मीच घेणार.

सकाळी उठले की पहिल्यांदा वाऱ्याकडे कान जातो. पूर्वी उडवायचं म्हणून जायचा. आता मनात येतं, हा इथून निघून तुझ्याकडे कधी पोचत असेल? मधे एवढे डोंगर आहेत, पोचत नसणारच. तरी रोज मनात येतं.

आई


नेब्रास्का
३० ऑगस्ट

आई,

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ये. दुपारी इथे वारा अठरा मैलांपर्यंत चढतो, कोठाराच्या माथ्यावर यंत्र आहे, त्यावर दिसतं. माझा निळा पतंग आण.

इर्या


नेब्रास्का
गुरुवार, १६ सप्टेंबर १९९९

लॉइड,

पोचले. दोन दिवस आणि एक रात्र बस. ड्रायव्हर पतंगाची पिशवी खालच्या सामानात टाकायला निघाला होता. मी म्हटलं, "मलाही खाली टाक मग." ती शेवटपर्यंत माझ्या मांडीवर आडवी होती, शेजारच्याला तिचं टोक लागत होतं, पण भला माणूस होता.

इर्या बसथांब्यावर उभी होती. केस कापलेत. हाडं माझ्यासारखी निघालीत. तिने पिशवी घेतली, माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळलीस," आणि गाडीकडे चालू लागली. घरी आल्यावर म्हणाली, "पाय पूस, इथली माती चिकट आहे." जेवायला बटाटे आणि मांस. मी आणलेला पाव आणि क्रॅनबेरीचा मुरंबा तिने फडताळात ठेवला, उघडला नाही. पतंगाचा विषय दोन दिवस निघाला नाही. ती कामावर जायची, मी खिडकीतून सपाटी बघत बसायचे. लॉइड, इथे नजर कुठे अडतच नाही रे, आपल्या समुद्रासारखीच. फक्त आवाज नाही.

काल दुपारी ती लवकर आली. "चल," म्हणाली.

कोठाराच्या मागे गव्हाचं कापलेलं शेत आहे, नुसती खुंटं. यंत्र अठरा दाखवत होतं, आपल्या त्या दिवसापेक्षा एक जास्तच. मी पतंग जुळवला. ती माझ्यासमोर उभी राहिली, हाताची घडी घालून.

"त्या दिवशी कन्नी जशी होती तशी लाव."

"इर्या..."

"लाव. मला बघायचंय."

लॉइड, आयुष्यात मी हजारो वेळा ती गाठ मारली असेल. काल तीच मारायला मला वेळ लागला. त्या दिवशी मी काही केलं नव्हतं, नुसतं वाकायचं टाळलं होतं. काल मला वाकून, बघून, जाणूनबुजून चुकीच्या गाठीला जोडावं लागलं, आणि तेही दोन्ही बाजूंना, तिच्या डोळ्यांसमोर. तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं ते. पत्रात लिहिताना कळलं नव्हतं.

तिने हातपट्टे चढवले. सात वर्षांनी. पहिल्यांदा नुसता वर-खाली नेला, हात आठवायला. मग तेच वळण घेतलं. डावी ओढली. पतंग सुटला, लांब फिरला, आणि खुंटांवर नाकावर आदळला. मी पळत जाऊन उभा केला. ती म्हणाली, "पुन्हा." पुन्हा तसाच. तिसऱ्यांदाही तिथेच. तिने चेहरा हलू दिला नाही.

"आता बरोबर लाव."

"तू लाव," मी म्हटलं.

"मला कुठे येतं? तू शिकवलंस कधी?"

ते खरंच होतं. मी डाव्या बाजूची गाठ सोडून दाखवली, खालच्या गाठीला फास कसा बसवायचा तो दाखवला. उजवी तिने बसवली. पहिल्यांदा सैल झाली, मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने पुन्हा सोडून पुन्हा बसवली. मग दोन्ही बाजू ताणून बोटाने मोजल्या, सारख्या आहेत का ते. हे मी सांगितलं नव्हतं, तिचं तिला सुचलं.

आणि मग तिने ते वळण घेतलं. जागच्या जागी, लॉइड. अगदी कापल्यासारखं. तू असतास तर शिट्टी वाजवायला विसरला असतास. तिने ते अकरा वेळा केलं, एकदाही माझ्याकडे न बघता. मग पतंग अलगद उतरवला, हातपट्टे काढले आणि तिथेच खुंटांत खाली बसली.

"म्हणजे डावा हात वेळेवर होता," ती म्हणाली. मला नव्हे, आपल्या हातालाच म्हणाल्यासारखं.

मी जवळ गेले नाही. जावंसं फार वाटलं. पण तो क्षण माझा नव्हता.

रात्री जेवताना तिने विचारलं, "चमूबरोबर एकाच हंगामासाठी तर जायचं होतं, आई. एप्रिल ते सप्टेंबर. मी सांगितलं होतं तुला. परत येणार होते."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"तुझा बापही अलास्काला एकाच हंगामासाठी गेला होता. त्यानेही सांगितलं होतं. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, हातात दुधाचा कप घेऊन त्याला निरोप द्यायला उभी होतीस."

तिने हातातला काटा ताटात ठेवला. मग म्हणाली, "मी बाबा नाही."

"आता कळतंय."

"आता कळून काय उपयोग?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"माझा राग जाईल असं समजू नकोस," ती म्हणाली. "तो एवढ्या लवकर जाणार नाही. मी मुद्दाम धरून ठेवलाय असं नाही, पण तो आहे."

"असू दे."

"चमूत मी कदाचित टिकलेही नसते. पण ते माझं मला कळलं असतं."

"हो."

तिने ताटं उचलली. मी पुसायला उभी राहिले. सगळी भांडी झाल्यावर, मला पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "तिकीट कधीचं आहे?"

"परवाचं. शुक्रवारचं."

ती ओटा पुसत राहिली. तोच तोच भाग दोनदा पुसला.

"सोमवारी जा," म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असते."

तेव्हा लॉइड, खाचरांच्या पाण्याकडे आणखी थोडे दिवस तूच बघ. मला न्यायला रविवारी येऊ नकोस, बुधवारी ये. बर्नीसला काय सांगायचं ते तुझ्यावर सोडते, ती नाहीतरी विचारणारच. आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण बाहेर तिची गाडी लागली आहे, आणि मी अजून बटाटे सोललेले नाहीत.

आउने